चिऱ्याची स्मृतिभिंत: नावं कशावर कोरावीत?

प्रश्न: वेंगुर्ल्याजवळ, समुद्राला लागून आमच्या गावची दफनभूमी. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) स्मृतिभिंत बांधायचीय. नावं चिऱ्यावरच कोरली तर?

उत्तर: नको. जांभा सच्छिद्र, बारीक अक्षरांच्या कडा दोन-चार पावसाळ्यांत झडतात, वर शेवाळ. नावांच्या पाटीला काळा ग्रॅनाइट घ्या, २० मिमी जाड, ३१६ स्टेनलेस स्टीलच्या (खाऱ्या हवेत जास्त टिकणारा प्रकार) पिनांवर. साधं लोखंड गंजून फुगतं नि पाटीचा कोपराच उडवतं.

उत्तर: माथ्याचा दगड उतरता ठेवा, दोन इंच पुढे काढा. मागे मातीचा भराव असेल तर दर दीड मीटरला पाण्याला भोक हवंच, नाहीतर जुलैत भिंत पोट काढते.

प्रश्नकर्ता: वरून सिमेंटचा गिलावा? आणि झाडं?

उत्तर: गिलावा अजिबात नको, ओल आत कोंडते. दरजा (चिऱ्यांमधले सांधे) चुन्याने भरा. वड-पिंपळ टाळा, मुळं कबरी उचलतात. उंडीचं झाड खारा वारा सोसतं. चाफा शोभतो खरा, पण पाणी साचलं की कुजतो.