मदत हवी आहे: युरोपातील नॅचरिस्ट कॅम्पना टॉवेल पुरवायचे आहेत, तिथले आणि इथले कायदे समजून घ्यायचे आहेत

नमस्कार. मी सोलापुरातील टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात निर्यातीचा पत्रव्यवहार पाहतो. क्रोएशियातील एका नॅचरिस्ट कॅम्पकडून, म्हणजे लोक जिथे विवस्त्र राहून सुट्टी घालवतात अशा ठिकाणाहून, मोठ्या मापाच्या टॉवेलांची विचारणा आली आहे. तिथे बाकावर वा खुर्चीवर बसण्याआधी स्वतःचा टॉवेल अंथरण्याचा शिष्टाचार सर्वत्र पाळला जात असल्याने माणशी टॉवेल जास्त लागतात, हे आमच्या मालकांनी तत्काळ हेरले (संकोच वाटला तो मला, त्यांना नव्हे). आता इतर देशांतही असे ग्राहक शोधायचे ठरले आहे. जागा अधिकृतपणे नेमून दिलेली असेल तर कॅम्पचालक किंवा नगरपालिका असा ठोक ग्राहक मिळतो. नुसतीच चालवून घेतलेली असेल तर किरकोळ दुकानदारांमार्फत जावे लागते. म्हणून कायद्याची चौकशी.

वाचनातून हाती आलेले चित्र बरेच गुंतागुंतीचे आहे. नेदरलँड्समध्ये दंडसंहितेतच तरतूद असून नगरपरिषद अशा जागा ठरवून देऊ शकते. फ्रान्समध्ये लैंगिक प्रदर्शनाच्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद आणि १५,००० युरोपर्यंत दंड आहे, तरीही त्याच देशात काप दाग्द येथे अख्खी नॅचरिस्ट वसाहत उघडपणे नांदते. म्युनिकने इंग्लिश गार्डनसारख्या उद्यानांत जागा आखून दिल्या आहेत. इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्यानुसार, पाहणाऱ्याला भय किंवा मनस्ताप व्हावा असा हेतू सिद्ध झाल्याशिवाय अंगप्रदर्शनाचा गुन्हा ठरत नाही. मात्र स्टीफन गॉफ हा विवस्त्र पदयात्री स्कॉटलंडमध्ये शांतताभंगासाठी पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला आणि २०१४ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही त्याची बाजू उचलून धरली नाही.

माझा खरा घोळ स्पेन आणि स्वित्झर्लंडपाशी होतो. स्पेनच्या दंडसंहितेत नुसत्या नग्नतेला शिक्षा नाही, पण बार्सिलोनाने २०११ मध्ये स्थानिक नियम करून रस्त्यांवर ती दंडनीय ठरवली. स्वित्झर्लंडच्या आपेनझेल भागात विवस्त्र डोंगरभटकंती करणाऱ्यांना दंड होऊ लागला आणि २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा दंड कायम केला. म्हणजे देशाचा कायदा वाचून भागत नाही, गावोगावचे नियमही पाहावे लागतात. असे स्थानिक नियम आणि नेमलेल्या जागा एकत्र कुठे पाहायला मिळतात, हे तिकडे राहणाऱ्या सदस्यांनी कृपया सांगावे. अशा कॅम्पांची खरेदी नॅचरिस्टांच्या एखाद्या मुख्य संघटनेमार्फत होते की प्रत्येक चालक स्वतंत्रपणे करतो, हेही कळले तर उपयोग होईल.

दुसरी अडचण इथली आहे आणि मला तीच अधिक सतावते. ग्राहकाला टॉवेलच्या वेष्टनावर पाठमोऱ्या, विवस्त्र प्रौढ व्यक्तींची छायाचित्रे हवी आहेत आणि छपाई सोलापुरातच व्हायची आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये अश्लील वस्तू विकण्याबरोबरच त्या तयार करणे आणि निर्यात करणे हेही येते, त्यामुळे ‘माल परदेशी जाणार, आपल्याला काय’ हा मालकांचा युक्तिवाद मला पटत नाही. उलट टेनिसपटू बोरिस बेकर यांच्या विवस्त्र छायाचित्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली म्हटले आहे की केवळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे आणि निकष समकालीन समाजाचा लावायचा. दिगंबर मुनींचा विहार पाहत आलेल्या आपल्या गावाला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. पण तिथे धर्म आहे आणि इथे धंदा, हा भेद पोलीस किंवा कस्टम्सचा अधिकारी करणारच. (जाता जाता: अशा विवस्त्र राहणाऱ्यांची एक मंडळी १८९१ साली चक्क ठाण्यात स्थापन झाली होती, आणि संस्थापक क्रॉफर्ड हे पेशाने न्यायाधीश होते.)

तेव्हा कुणी अशा प्रकारची छपाई करून माल निर्यात केला आहे का? वकिलाचे लेखी मत घेऊन ठेवले तर कस्टम्समध्ये त्याचा उपयोग होतो का? की छायाचित्राऐवजी साधे रेखाचित्र सुचवून मोकळे व्हावे? आमच्या कस्टम हाउस एजंटांना विचारले तेव्हा ते नुसते हसले, म्हणून ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनीच उत्तर द्यावे ही विनंती. ग्राहकाला नमुने पाठवण्यापूर्वी वेष्टनाचा निर्णय व्हायला हवा आहे.