पोटातल्या बाळाच्या किडनीत पाणी, मग हार्टची इको कशाला?

द्राक्षबाग_तासगाव:
नमस्कार मंडळी. मिसेसना एकविसावा आठवडा चालू आहे, परवा सांगलीत अ‍ॅनोमली स्कॅन (बाळात काही व्यंग आहे का बघायची सोनोग्राफी) केला तर बाळाच्या डाव्या किडनीत थोडं पाणी साठलंय असं आलं, ५.५ मिमी. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या घाबरू नका, पण बाळाच्या हार्टची इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करून घ्या. आता दुखणं किडनीचं आणि तपासणी हार्टची हे कसं काय? मेव्हणा म्हणतो कट प्रॅक्टिस असणार, तपासणीला पाठवून कमिशन खायचं, आई म्हणते ग्रहणात सून बाहेर गेली म्हणून झालं. किडनीमुळं पोटातच हार्टवर लोड येतो का? पैशाचं बघू, पण उगाच पळापळ नको.

अनुची_आई:
आमच्या अनुला पण असंच होतं, दोन्ही बाजूला. बत्तिसाव्या आठवड्यात परत बघितलं तर कमी झालेलं, आता घर डोक्यावर घेते. फक्त जन्मल्यावरची सोनोग्राफी पहिल्याच दिवशी करू नका म्हणाले होते, दोन दिवस जाऊ द्या, सुरुवातीला बाळाला लघवी कमी होते त्यामुळं सूज असली तरी दिसत नाही. आम्हाला इको नव्हती सांगितली हां. आणि ग्रहणाचं सोडा ओ दादा, सूनबाईला कशाला बोल लावताय.

मिरज_सोनो:
मी सेंटरला काम करतो, डॉक्टर नाही. पाचव्या महिन्यात ४ मिमीच्या आत नॉर्मल धरतात, ४ ते ७ म्हणजे हलकं, बहुतेक आपोआप जातं. नुसत्या एवढ्यासाठी सहसा इको सांगत नाहीत म्हणून विचारतो, रिपोर्टात आणखी काय लिहिलंय? नाळेबद्दल काही? मिसेसना शुगर आहे का?

द्राक्षबाग_तासगाव:
शुगर नाही. पण परत वाचला तर खाली टू व्हेसल कॉर्ड लिहिलंय. हे काय असतं?

मिरज_सोनो:
मग बरोबर आहे, कट-बिट काही नाही. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात, बाळाकडून वारेकडे रक्त नेणाऱ्या दोन आणि आणणारी एक. तुमच्याकडं नेणारी एकच दिसतीय. बऱ्याच बाळांचं तेवढं सोडलं तर सगळं ठणठणीत असतं, पण ज्यांना अडचण निघते त्यांच्यात हार्ट आणि किडनी या दोन जागा आधी बघतात. नाळ, हार्टचे कप्पे, किडनीची सुरुवात सगळं पहिल्या दोन-अडीच महिन्यांत घडतं, तेव्हा काही बिनसलं की एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसू शकतं. म्हणजे किडनीनं हार्ट बिघडवलं असं नाही. लोडचं म्हणाल तर पोटात असताना बाळाचं रक्त साफ करायचं काम वारच करते, बाळाची किडनी लघवी तयार करते आणि चौथ्या महिन्यानंतर बाळाभोवतीचं पाणी म्हणजे बहुतेक तीच लघवी. म्हणून रिपोर्टात एएफआय, म्हणजे त्या पाण्याचं माप, किती आहे ते बघा. दोन्ही किडन्या बिघडल्या तर ते पाणी आटतं आणि फुफ्फुसं नीट वाढत नाहीत, खरी काळजी त्याची असते. एका बाजूला ५.५ आणि पाणी व्यवस्थित असेल तर एवढं टेन्शन नको. इको १८ ते २४ आठवड्यांत करतात, लांबवू नका.

मेडिकलवाला_पलूस:
विषय निघालाय म्हणून सांगतो. कंबर दुखली की डायक्लो, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्या मागायला येतात, पोटुशी बाई असली तर मी देत नाही. विसाव्या आठवड्यानंतर त्यानं बाळाची लघवी कमी होऊन पाणी घटू शकतं, आणि सातव्या महिन्यानंतर बाळाच्या हार्टजवळची एक नळी, जी जन्मानंतर बंद व्हायची, ती आधीच आकसू शकते. एकच गोळी, किडनीला पण आणि हार्टला पण. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरना विचारूनच.

कृष्णाकाठ:
देव न करो, पण हार्टमध्ये काही निघालंच तर जन्मानंतरच्या ऑपरेशनला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मदत मिळते. अंगणवाडीत मुलं तपासायला येते ना गाडी, ती टीम. सिव्हिलला चौकशी करून ठेवा.

द्राक्षबाग_तासगाव:
एएफआय १४ आहे. गोळी कुठलीच घेतली नाही म्हणते. इकोची वेळ घेतोय. उपाशीपोटी न्यायचं का?

मिरज_सोनो:
१४ चांगलं आहे. उपाशी अजिबात नको, जेवूनच न्या, बाळ पालथं असलं तर वळेपर्यंत फेऱ्या मारायला लावतात. आणि हा रिपोर्ट सोबत घ्या, फक्त चिठ्ठी नको.