अँबेसिडरचा क्लच : प्लेट बदलण्याआधी तेल बघा
इंजिन नुकतंच बांधलेल्या अँबेसिडरचा क्लच घसरतोय, काय करावं, असा प्रश्न इथे आलाय. उत्तर देणाऱ्या दोघांनी क्लचची प्लेटच गेली असं ठरवून टाकलंय, ते काही पटलं नाही. इंजिन आत्ताच बांधलंय, प्लेट कोरी आहे. तरी टॉप गिअरला इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी ओढत नाही. मग क्लच पेडलला फ्री प्ले, म्हणजे क्लच सुटू लागण्याआधीची मोकळी हालचाल, आहे ना ते आधी बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

फ्री प्ले ठीक असेल तर संशय तेलावर. या जुन्या १४८९ सीसी इंजिनात क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नसतंच. क्रँकवरच आटे कापलेले असतात, ते फिरताना तेल परत संपकडे, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीकडे, ढकलतात. ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) तुंबला किंवा पिस्टनच्या नव्या रिंगा नीट बसल्या नाहीत की आत दाब वाढतो आणि तेल क्लचवर येतं. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकांच्या गाडीचं हेच. इंदुरात शहाण्यासारखी चालायची, सिमरोळच्या पुढे भेरूघाट लागला की जळका वास. बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) तळाशी भोक असतं, त्यात काडीला चिंधी गुंडाळून फिरवली तर काळीकुट्ट, चिकट निघाली. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन भागत नाही, बदलावीच लागते. पण गिअरबॉक्स उतरवण्याआधी ब्रीदरची नळी साफ करून घ्या, नाहीतर नव्या प्लेटचीही तीच गत.