स्वप्नांची वही ठेवणं हा रिकामा उद्योग आहे का? माझं मत : नाही

अबोली (जुळे सोलापूर)

परवा कंबर तलावाच्या कट्ट्यावर आमच्या फिरायला येणाऱ्या बायकांत वाद झाला. मी उशाशी वही ठेवते आणि सकाळी डोळे उघडल्याबरोबर पडलेलं स्वप्न चार ओळींत उतरवते, असं बोलण्याच्या ओघात सांगितलं. त्यावर एका ताईंनी "शिकल्यासवरल्या बाईनं असल्या नादी लागू नये" असं सुनावलं. तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे मांडते.

स्वप्नात पुढचं दिसतं, दात पडला की घरातलं कुणी जातं, असलं काहीही मी मानत नाही. दिवसा ज्या गोष्टीकडे आपण पाठ फिरवतो ती रात्री समोर येऊन उभी राहते, आणि लिहून ठेवली तर तिचा उपयोग करता येतो, एवढंच माझं म्हणणं.

आईच्या आजारपणात मला एक स्वप्न फिरून फिरून पडायचं. नळाला पाणी आलंय, खाली घागर लावलीय, पण ती भरतच नाही, आणि पाणी जायची वेळ होत आलीय. चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे स्वप्न काही नवलाचं नाही, म्हणून आधी मी सोडून दिलं. पण लिहीत गेले तशी एक गोष्ट लक्षात आली. दर वेळी घरात माणसं असतात. भाऊ दारात चपला घालत असतो, वहिनी गच्चीवर वाळवण उलथत असते, आणि मी कुणालाच हाक मारत नाही. जागेपणीही हेच चाललं होतं. दवाखाना, औषधं, रात्रीची जागरणं मी एकटी ओढत होते आणि मनातल्या मनात भावावर धुमसत होते. "शनिवारी-रविवारी तू थांब" असं त्याला सरळ म्हटलं, तो थांबला.

दुसरी गोष्ट अडलेल्या कामाची. ऑटो लोवी या शास्त्रज्ञांना रात्री झोपेत एक प्रयोग सुचला. अर्धवट जागे होऊन त्यांनी तो चिठ्ठीवर खरडला, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना परत आली, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. दोन बेडकांची हृदयं घेतली. एकाची व्हेगस नस (हृदयाचे ठोके मंद करणारी) उत्तेजित करून ठोके मंदावले आणि त्यातलं द्रव दुसऱ्याला दिलं, तर तेही मंदावलं. नसा रसायनांतून निरोप देतात याचा तो पुरावा ठरला. १९३६ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

तर्कशुद्ध

ताई, लोवींची गोष्ट खरी आहे. पण नसा रसायनांतून काम करत असाव्यात हा विचार त्यांच्या डोक्यात १९०३ पासून होता. इतकी वर्षं एका प्रश्नाशी झटलेल्या माणसाला उत्तर कधीतरी सुचणारच. ते झोपेत सुचलं म्हणून झोपेला श्रेय कसं द्यायचं? रसायनशास्त्रज्ञ केकुले यांना स्वतःचंच शेपूट गिळणारा साप स्वप्नात दिसला आणि त्यावरून बेंझीन या रसायनाची कड्यासारखी रचना सुचली, ही गोष्टही अशीच पुढे केली जाते. त्या रचनेवरचा त्यांचा लेख १८६५ चा, आणि सापाचं स्वप्न त्यांनी जाहीरपणे सांगितलं १८९० च्या सत्कारात. पंचवीस वर्षांत आठवणीला किती पदर चढतात हे आपण घरोघरी बघतो.

मोजून काय निघालं तेही बघा. झोपेचे अभ्यासक विल्यम डिमेंट यांनी पाचशे विद्यार्थ्यांना झोपण्यापूर्वी कोडी दिली. एकूण ११४८ प्रयत्न झाले, आणि स्वप्नात कोडं सुटलं सात वेळा. सात!

तुमच्या घागरीबद्दल विचारतो, राग मानू नका. त्या रात्री घागरीऐवजी सुटलेली एसटी दिसली असती, तर तुम्ही हाच अर्थ काढला नसता का? भावाशी बोलायला हवं हे तुम्हाला आतून ठाऊकच होतं. हॉब्सन आणि मॅकार्ली या मेंदूच्या अभ्यासकांनी १९७७ साली मांडलं की झोपेत मेंदूच्या खोडातून बेशिस्त संदेश उठतात आणि वरचा मेंदू त्यांची जमेल तशी गोष्ट बनवतो. त्यातून संदेश शोधायची सवय लागली की माणूस पुढे बाबा-बुवांच्या दारात उभा राहतो. आपल्या भागात अशी घरं मी पाहिली आहेत. माझा विरोध त्यासाठी आहे.

मागवाला

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या नक्षी करतो. ग्राफ रंगवायचा, त्यावरून जेकार्डची (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची) भोकांची कार्डं पंच करून घ्यायची, हे काम. एक मोराची नक्षी फार छळत होती. कागदावर देखणी, पण मागावर चढली की सगळ्या मोरांच्या माना एका रेषेत यायच्या आणि चादरीवर पट्टा पडल्यासारखा दिसायचा. माना वाकवून बघितल्या, मध्ये वेल भरून बघितली, पट्टा काही जाईना.

एका दुपारी लाईट गेली. माग बंद पडले की शेडमध्ये जी शांतता होते ती आमच्याच लोकांना कळेल. भिंतीला टेकलो, डोळा लागला न लागला, आणि समोर मोर. एका ओळीतले डावीकडे बघताहेत, वरच्या ओळीतले उजवीकडे, शेपट्या एकमेकांत गुंतलेल्या. लाईट यायच्या आत ग्राफच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं काढून घेतलं. कार्डं दुप्पट लागली, त्यावरून मालकाची बोलणी खाल्ली, पण पट्टा गेला.

सात वेळा का होईना, सुटतंय की हो.

तर्कशुद्ध

मागवाले दादा, तुम्ही तर माझ्या बाजूनंच बोललात. ती झोप नव्हती, झोपेचा उंबरठा होता. यावर पॅरिसमध्ये झालेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. १०३ लोकांना आकड्यांची गणितं दिली, त्यांत एक छुपी युक्ती होती. मग हातात एक वस्तू देऊन अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटं आराम करायला सांगितलं. जे जागेच राहिले त्यांपैकी ३० टक्क्यांना पुढे युक्ती सापडली. ज्यांना पंधरा सेकंद का होईना पहिली हलकी झोप लागली, त्यांच्यात ८३ टक्क्यांना. आणि जे त्याहून खोल झोपेत गेले त्यांच्यात फक्त १४ टक्क्यांना. म्हणजे फायदा डुलकीचा. रात्रीच्या स्वप्नांची वही त्यात कुठे येते?

गणूकाका

आपल्याकडे हा विचार जुना आहे. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं आणि कल्पिलेलं, या पाच प्रकारांना फळ नाही, असं चरक स्पष्ट म्हणतो. उरलेले दोन म्हणजे भावी गोष्टीचं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. भावीचं मी बाजूला ठेवतो. पण बाकीचं वर्गीकरण वैद्यानं रोग्याला विचारून-विचारून केल्यासारखं वाटतं.

आणि तुकोबा? नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगितलं, हे त्यांनी स्वतः अभंगात लिहून ठेवलंय. पंढरीच्या जिल्ह्यात राहून स्वप्नाला बेशिस्त संदेश म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. दोन्ही बाजूंना एक गोष्ट सांगावीशी वाटते. अपघातातून वाचलेल्या, घरात मारहाण सोसलेल्या माणसांना तेच भयंकर स्वप्न रोज पडतं. त्यांना "वही लिहा, अर्थ शोधा" असं सांगू नका. नुसतं उगाळल्यानं त्रास वाढू शकतो. त्यांच्यासाठी वेगळी पद्धत आहे. दिवसा, जागेपणी, त्या स्वप्नाचा शेवट आपल्याला हवा तसा बदलून लिहायचा आणि ते नवं रूप रोज थोडा वेळ डोळ्यांपुढे आणायचं. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर बॅरी क्रॅको या डॉक्टरांनी याची चाचणी घेतली, ती २००१ साली प्रसिद्ध झाली. दुःस्वप्नं कमी झाली आणि झोप सुधारली. मात्र हे जाणकार समुपदेशकाच्या सोबतीनं करावं.

तर्कशुद्ध, स्वप्न नुसता गोंधळ असता तर जागेपणी लिहिलेल्या शेवटानं ते बदललं असतं का?

अबोली (जुळे सोलापूर)

रात्रपाळी, हे फार मोलाचं सांगितलंत.

तर्कशुद्ध, डिमेंट यांची कोडी परकी होती. विद्यार्थ्यांना त्यांचं काय सोयरसुतक? मानसशास्त्रज्ञ डियर्ड्रा बॅरेट यांनी १९९३ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना स्वतःचा प्रश्न निवडू दिला आणि आठवडाभर रोज झोपताना त्यावर विचार करायला सांगितलं. जवळपास निम्म्यांना त्या प्रश्नाशी जोडलेलं स्वप्न पडलं, त्यातल्या बऱ्याच जणांना उत्तरही सापडल्यासारखं वाटलं, आणि अभ्यासाच्या प्रश्नांपेक्षा घरगुती, मनाच्या प्रश्नांत हे जास्त झालं. माझा अनुभव याच जातीचा. स्वप्नांच्या झोपेत तर्क आणि नियोजन सांभाळणारा कपाळामागचा भाग मंदावतो, भावनांचे आणि चित्रांचे भाग जोरात असतात. म्हणून दिवसा जे "नको आता" म्हणून ढकलतो ते तिथे अडत नाही.

एसटी दिसली असती तरी हाच अर्थ निघाला असता म्हणता. निघू दे की. मला आतून ठाऊक होतं हेही खरं. पण ठाऊक असूनही कित्येक महिने तोंडातून शब्द फुटला नव्हता, तो घागरीनं फुटला.

तर्कशुद्ध

रात्रपाळींच्या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नाही, वाचून सांगतो. गणूकाका, तुकोबांच्या अनुभवावर मी बोललो नाही आणि बोलणार नाही.

अबोलीताई, वही ठेवायचीच तर एवढं करा. समोरच्या पानावर आदल्या दिवशी काय घडलं तेही लिहा. जी स्वप्नं कशाच्याच उपयोगाची नव्हती ती गाळू नका. वर्षानं उपयोगी आणि निरुपयोगी असे दोन रकाने करून मोजा.

अबोली (जुळे सोलापूर)

समोरच्या पानाची सूचना आजपासून पाळते, आणि निरुपयोगी स्वप्नंही ठेवते. मोजणी मात्र करणार नाही. भाऊ थांबला ते स्वप्नामुळे की आपोआप, यासाठी मला रकाना आखायचा नाही.