डॉर्टमुंडचा 2005 चा आर्थिक पेच: क्लब नेमका कोणामुळे तगला?

शाहू_मैदान (कोल्हापूर):

बोरुसिया डॉर्टमुंडचे नाव घेतले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांचा संघ, दक्षिण बाजूच्या स्टँडवरची पिवळी भिंत आणि कोवळ्या वयाचे खेळाडू घडवण्याची या क्लबची हातोटी एवढेच येते. हाच क्लब 2005 च्या मार्च महिन्यात दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभा होता, असे सांगितले तर गेल्या दहा-बारा वर्षांत जर्मन फुटबॉल पाहू लागलेल्या माझ्या मित्रांना ते खरे वाटत नाही. मी 1997 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापासून या संघाचा चाहता आहे. म्युनिकच्या त्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या लार्स रिकेनने मैदानात पाऊल ठेवताच, चेंडूला पहिला स्पर्श करताना, युव्हेंटसच्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून लांबून उचलून मारलेला गोल आजही मला जसाच्या तसा आठवतो. युरोपचा विजेता ठरलेला हा संघ पुढच्या आठ वर्षांत गळ्याएवढ्या कर्जात कसा बुडाला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यातून वर कसा आला, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

विचारण्यामागे एक कारण आहे. आमच्याकडे तालमींच्या संघांवर लोकांचा जीव असतो आणि संघ म्हणजे पेठ हे समीकरण आम्हाला शिकवावे लागत नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मात्र 2019 साली एफसी पुणे सिटी आर्थिक अडचणींमुळे बंद पडला, त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली, आणि पुण्यातल्या चाहत्यांना हळहळण्यापलीकडे काही करता आले नाही. पुढे 2020 मध्ये त्याच हैदराबाद एफसीने डॉर्टमुंडशी सहकार्याचा करार केला, तेव्हा हा प्रश्न माझ्या मनात अधिकच घर करून बसला. डॉर्टमुंडला कोणी वाचवले: नव्या व्यवस्थापनाने, धनकोंनी, चाहत्यांनी की नशिबाने? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ताळेबंद:

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे आणि या क्लबचा गेली अनेक वर्षे चाहता आहे, त्यामुळे पडझडीच्या बाजूपुरते लिहितो.

सुरुवात 31 ऑक्टोबर 2000 पासून करायला हवी. त्या दिवशी डॉर्टमुंड हा शेअर बाजारात उतरलेला पहिला जर्मन फुटबॉल क्लब ठरला. अकरा युरोंना एक या दराने शेअर विकले गेले आणि सुमारे 13 कोटी युरो हाती आले. अध्यक्ष गेर्ड निबाउम आणि व्यवस्थापक मिखाएल मायर या जोडीने याआधी क्लबला 1995 आणि 1996 ची लीग विजेतेपदे आणि 1997 चा युरोपीय चषक मिळवून दिला होता, त्यामुळे त्यांच्या शब्दाला आव्हान देणारे क्लबमध्ये फारसे कोणी उरले नव्हते. हाती आलेला पैसा प्रामुख्याने खेळाडूंवर खर्च झाला. स्पार्टा प्रागकडून टोमाश रोसित्स्की आला, पार्माकडून सुमारे अडीच कोटी युरोंना मार्सिओ आमोरोझो आला, यान कोलरही आला. 2002 मध्ये मात्थियास झामर यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने लीग जिंकली आणि काही दिवसांतच यूएफा चषकाच्या अंतिम सामन्यात फायनूर्डकडून 3-2 असा हरला. वरवर पाहता सारे आलबेल होते.

त्याच वर्षी क्लबने आपले वेस्टफालन स्टेडियम मॉल्सिरिस नावाच्या मालमत्ता निधीला सुमारे साडेसात कोटी युरोंना विकले आणि दरवर्षी भाडे भरून स्वतःच्याच मैदानावर खेळायला सुरुवात केली. माझ्या मते या कहाणीतला सर्वांत घातक निर्णय हाच होता. महागडे खेळाडू विकत घेण्यात चूक झाली तरी ती करार संपल्यावर किंवा खेळाडू विकल्यावर काही प्रमाणात भरून निघते. मैदान विकून आलेला पैसा पगारात आटून गेला की मागे उरते ते फक्त भाडे, आणि संघ जिंको वा हरो, ते चुकत नाही. शिवाय क्लबने प्रेक्षकसंख्या वाढवण्यासाठी कोपऱ्यांतले स्टँड बांधण्याचे कामही याच काळात काढले होते.

या सगळ्या खर्चाचा हिशेब एकाच गृहीतकावर बेतलेला होता, ते म्हणजे दरवर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश मिळणार. ज्या उसाची अजून लागणही झालेली नाही त्यावर कारखान्याकडून उचल घ्यावी आणि ती खर्चून टाकावी, तसा हा प्रकार होता. मे 2003 मध्ये हंगामाच्या अखेरच्या दिवशी, आधीच पदावनत झालेल्या, म्हणजे खालच्या श्रेणीत जाणे ठरलेल्या कॉटबुसशी घरच्या मैदानावर 1-1 अशी बरोबरी झाली, डॉर्टमुंड तिसऱ्या स्थानावर घसरला आणि मुख्य फेरीतला थेट प्रवेश हुकला. ऑगस्टमध्ये पात्रता फेरीत क्लब ब्रुगने पेनल्टींवर हरवले. त्या दोन सामन्यांनी हिशेबाचा मुख्य खांबच काढून घेतला. खेळाडूंच्या पगारात कपात झाली, पण तिने भागण्यासारखे नव्हते. 2003-04 या वर्षाचा तोटा साडेसहा कोटी युरोंच्या पुढे गेला. निबाउम यांनी नोव्हेंबर 2004 मध्ये अध्यक्षपद आणि फेब्रुवारी 2005 मध्ये कंपनीतले पद सोडले.

एक मुद्दा इथे ठासून सांगावासा वाटतो. जर्मनीत क्लबचे नियंत्रण सभासदांच्या संस्थेकडेच राहिले पाहिजे, असा 50+1 नावाचा नियम आहे, आणि तो असल्यामुळे तिथले क्लब सुरक्षित आहेत असे आपल्याकडे अनेकदा लिहिले जाते. डॉर्टमुंडलाही तो नियम लागू होता. त्याने क्लब परक्याच्या हाती जाऊ दिला नाही, हे खरे. पण सभासदांनी निवडलेल्या माणसांनीच क्लब बुडवायला काढला, तेव्हा तो नियम त्यांचा हात धरू शकला नाही. ताळेबंद वाचून प्रश्न विचारणारे लोक आत असावे लागतात, आणि त्या वेळी ते नव्हते.

रूरकाठ (बोखुम, जर्मनी):

ताळेबंद यांनी कारणे अचूक मांडली आहेत. मी त्या काळात शिक्षणासाठी रूर भागात आलो आणि इथेच स्थायिक झालो, म्हणून बाहेर रस्त्यावर काय दिसत होते ते लिहितो.

डॉर्टमुंड हे कोळसा, पोलाद आणि बिअर यांवर पोसलेले शहर. खाणी केव्हाच बंद झाल्या होत्या, आणि 2001 मध्ये शहराच्या ह्योर्डे भागातला फिनिक्स पोलाद कारखानाही बंद झाला. मी आलो तेव्हा तिथली यंत्रे उतरवून चीनला चालली होती. आज त्या जागी तलाव आहे. ज्या घरांत बापाचा आणि आजोबाचा रोजगार एकाच कारखान्यात गेला, त्या घरांना सांगण्यासारखे आपले म्हणावे असे उरले होते ते म्हणजे बोरुसिया, आणि आता तोही बुडणार अशी बातमी आली. ट्राममध्ये, बेकरीच्या रांगेत लोक आडून आडून बोलत, घरात कोणी अत्यवस्थ असताना बोलतात तसे दबक्या आवाजात.

निर्णायक दिवस होता 14 मार्च 2005. मॉल्सिरिस निधीत पैसे गुंतवलेल्या हजारो लोकांची सभा ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावरील सभागृहात भरली होती. भाडे काही काळ पुढे ढकलावे आणि कराराच्या अटी बदलाव्यात, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे होता. तो फेटाळला गेला असता तर क्लबला दिवाळखोरीचा अर्ज करण्यावाचून गत्यंतर नव्हते. हे गुंतवणूकदार काही बडे भांडवलदार नव्हते. त्यांतल्या पुष्कळांनी परताव्याच्या आशेने बचत गुंतवली होती आणि त्यांचे फुटबॉलशी काही देणेघेणे असेलच असे नव्हते. आम्ही वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसलो होतो. एरवी सामन्याच्या दिवशी घसा फुटेस्तोवर ओरडणारी मुले तासन्‌तास एक शब्द बोलत नव्हती. कोणीतरी पास्ता उकळत ठेवला होता, तो भांड्यात लगदा होईपर्यंत कोणाच्या लक्षातही आला नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी प्रस्ताव मंजूर झाल्याचे कळले, तेव्हा शेजारच्या खोलीतला एक धिप्पाड मुलगा भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

ज्यांनी ते प्रकरण तडीस नेले त्यांची नावे घ्यायलाच हवीत. अध्यक्षपदी आलेले राइनहार्ड राउबाल हे वकील. 1979 मध्ये आणि पुन्हा 1984 मध्ये त्यांनी हेच पद सांभाळले होते, म्हणजे अडचणीच्या वेळी क्लबने त्यांना तिसऱ्यांदा हाक मारली. कंपनीची सूत्रे हान्स-योआखिम वात्झके यांच्याकडे आली. ते कामगारांचे संरक्षक कपडे बनवणारे उद्योजक आणि क्लबचे खजिनदार होते. खेळाची बाजू मिखाएल झोर्क यांच्याकडे राहिली, ज्यांनी आपली अख्खी व्यावसायिक कारकीर्द याच क्लबकडून खेळून घालवली होती. कर्ज काढून विजय विकत घ्यायचे नाहीत, हे या मंडळींनी मनाशी पक्के केले आणि पुढची अनेक वर्षे ते पाळले. 2006 मध्ये मॉर्गन स्टॅनलीकडून सुमारे 7.9 कोटी युरोंचे कर्ज घेऊन स्टेडियम परत मिळवण्यात आले. त्याआधीच त्याचे नाव सिग्नल इडुना या विमा कंपनीला दिले गेले होते. मैदानाचे नाव गेल्याचे दुःख इथे आजही आहे आणि बहुतेक जुने लोक वेस्टफालन स्टेडियम असेच म्हणतात. पण मैदान आपले राहावे म्हणून नाव देणे भाग होते, हेही त्यांना मान्य आहे.

चाहत्यांबद्दल मी इतकेच सांगेन की त्या हंगामात संघ सुमार खेळत होता, उद्या क्लब असेल की नाही याची खात्री नव्हती, आणि तरीही सामन्यांना सरासरी सत्तर हजारांच्या वर लोक येत होते. दक्षिण स्टँडवर उभ्याने सामना पाहणारे सुमारे पंचवीस हजार लोक एकदाही कमी झालेले मला दिसले नाहीत. बँका आणि प्रायोजक ज्या उत्पन्नाकडे पाहून थांबले, ते उत्पन्न याच लोकांनी तिकिटे काढून टिकवले होते.

शेवटचा_बचावपटू:

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी नशिबाचा वाटा नजरेआड करू नये असे मला वाटते. लीड्स युनायटेडचे उदाहरण घ्या. तोही संघ चॅम्पियन्स लीगच्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्ज काढत गेला, 2001 मध्ये त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत खेळला आणि 2004 मध्ये प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्यांनीही आपले एलंड रोड मैदान विकले, ते परत घ्यायला त्यांना 2017 साल उजाडले, आणि पहिल्या श्रेणीत परतायला 2020. त्यांचेही चाहते निष्ठावान होते, तिसऱ्या श्रेणीतही ते मैदानावर जात होते. फरक पडला तो पदावनतीने.

डॉर्टमुंडवरही ती वेळ आलीच होती. 2006-07 च्या हंगामात तीन प्रशिक्षक झाले आणि वसंतात संघ पदावनतीच्या अगदी काठावर होता. त्या वेळी खाली गेला असता तर प्रक्षेपणाचे उत्पन्न आटले असते आणि नुकतीच बसवलेली कर्जाची घडी विस्कटली असती. संघ तगला, इतकेच नव्हे तर मे महिन्यात कट्टर प्रतिस्पर्धी शाल्केला 2-0 असे हरवून त्यांच्या विजेतेपदाच्या आशेवर पाणी फिरवले. तो दिवस लोक शाल्केसाठी लक्षात ठेवतात. मी मात्र त्या हंगामातले त्याआधीचे रटाळ, कसेबसे जिंकलेले सामने जास्त मोलाचे मानतो, कारण क्लबचे भवितव्य त्यांवर टांगलेले होते.

शाहू_मैदान:

तिघांचेही मनापासून आभार. अजून दोन शंका आहेत. बायर्न म्युनिकने उसने पैसे देऊन डॉर्टमुंडला वाचवले, असे वारंवार वाचायला मिळते. त्यात तथ्य किती? आणि क्लॉप यांच्या यशाचा या काटकसरीशी थेट संबंध जोडता येईल का?

रूरकाठ:

बायर्नने 20 लाख युरो दिले होते, तेही कोणतेही तारण न घेता, आणि ही गोष्ट बायर्नचे तेव्हाचे अध्यक्ष उली ह्योनेस यांनी 2012 मध्ये जाहीरपणे सांगितली. पगार थकण्याची वेळ आली असताना त्या रकमेचा उपयोग झाला आणि पुढे ती परतही केली गेली. प्रतिस्पर्ध्याने केलेली ही मदत कृतज्ञतेने आठवावी अशीच आहे; पण देण्यांचा डोंगर कोट्यवधींचा होता, तेव्हा वीस लाखांनी क्लब वाचला असे म्हणणे विमानतळावरच्या त्या सभेवर अन्याय करणारे आहे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. नुरी शाहिन सोळाव्या वर्षी, 2005 च्या ऑगस्टमध्ये, लीगमध्ये खेळला, त्यामागे प्रतिभा तर होतीच, पण तयार खेळाडू घ्यायला पैसे नव्हते हेही कारण होते. क्लॉप 2008 मध्ये आले तेव्हा त्यांना एकोणीस वर्षांच्या नेवेन सुबोतिच आणि माट्स हुमेल्स यांना बचावफळीच्या मध्यभागी उभे करण्याची मोकळीक मिळाली. शिंजी कागावा 2010 मध्ये साडेतीन लाख युरोंना आला, लुकाश पिश्चेक त्याच वर्षी एक पैसाही न देता मिळाला, आणि केविन ग्रॉसक्रॉइट्झ तर लहानपणी दक्षिण स्टँडवर उभा राहून सामने पाहणारा इथलाच मुलगा. या संघाने 2011 मध्ये लीग जिंकली आणि 2012 मध्ये लीगसह जर्मन चषकही, तोसुद्धा अंतिम सामन्यात बायर्नला 5-2 असे हरवून. आमोरोझोच्या एकट्याच्या किमतीत असे कितीतरी कागावा आले असते.

ताळेबंद:

एक पुरवणी जोडतो. शेअरची किंमत मधल्या काळात एका युरोच्याही खाली गेली होती, आणि अकरा युरोंना शेअर घेतलेल्या सामान्य चाहत्यांचे नुकसान क्लबच्या पुनरुत्थानाने भरून निघाले नाही. 2014 मध्ये एव्होनिक, प्यूमा आणि सिग्नल इडुना या कंपन्या भागधारक म्हणून आल्या आणि उरलेसुरले कर्ज फेडले गेले, तेव्हा क्लब खऱ्या अर्थाने मोकळा झाला. कोणामुळे तगला, या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की आपले पैसे अडकलेले असताना थांबायला तयार झालेल्या गुंतवणूकदारांनी वेळ दिला, चाहत्यांनी त्या काळातले उत्पन्न टिकवले आणि व्यवस्थापनाने मिळालेला वेळ पुन्हा उधळला नाही. पुण्याच्या संघाला यांतले पहिलेच मिळाले नाही: तिथे थांबण्याचा प्रस्ताव कोणापुढे ठेवावा अशी सभाच अस्तित्वात नव्हती, कारण क्लब सभासदांचा नव्हता, मालकांचा होता.