एमपीएच आणि एमडी पीएसएम एक नव्हे

बहिणीनं बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) केलंय, तिला एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी, करता येईल का, असं एकानं विचारलंय. येईल ना! एमपीएच दोन वर्षांचं असतं. डॉक्टर, डेंटिस्ट, नर्सिंगवाले, बऱ्याच ठिकाणी तर समाजकार्य किंवा स्टॅटिस्टिक्सचे पदवीधरही चालतात. मेडिकलमधली एमडी (पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) वेगळी: आधी एमबीबीएस, मग नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षं. एमपीएच त्याच्या तोडीचं समजून फी भरू नका.

एमपीएच करताना प्रवेशापेक्षा मला डिझर्टेशन (संशोधन प्रबंध) जड गेलं. एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिकता तपासणारी समिती) मंजुरी येईपर्यंत लोकांकडून सर्वेचा एकही फॉर्म भरून घेता येत नाही. माझा प्रस्ताव आमच्या संस्थेत संमतीपत्रामुळे परत आला. त्यातलं मराठी इतकं पुस्तकी होतं की वस्तीतल्या काकूंनी विचारलं, "हे कोर्टाचं आहे का बाप्पा?" ते सोपं करण्यात महिना गेला आणि सर्वे नेमका मे महिन्यात आला. नागपूरच्या उन्हात दुपारी दार कोण उघडतं? सकाळी सात ते दहा, तेवढीच वेळ. म्हणून बहिणीला सांगा, विषय पहिल्याच वर्षी ठरव आणि गाईड असा निवड जो मसुदा वाचून परत देतो. बाकी सेमिस्टरचे पेपर निघतात.