नागल्याचा फेरा : आधी खाडी की आधी जंगल?

प्रेषक : सहल समिती (सध्या मुक्काम मुलुंड)

सप्रेम नमस्कार.

नागल्याचा, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या वसईच्या खाडीलगतच्या भागातला, फेरा कोणत्या बाजूने सुरू करायचा हे उद्यापर्यंत ठरले नाही, तर वनविभागाला आपली वेळ कळवता येणार नाही. समितीचे मत असे आहे की पौर्णिमेनंतरच्या रविवारी, म्हणजे वद्य द्वितीयेला, गेल्या वेळेप्रमाणेच सकाळी सातला फाटकापासून निघावे, आधी वसईच्या खाडीकाठी तिवरांपर्यंत उतरावे आणि ऊन चढू लागले की सावलीत, डोंगरउताराच्या जंगलातून परत यावे. कोणाची हरकत असल्यास आजच लिहावे.

प्रेषक : वसईचे काका

माझी हरकत आहे आणि ती उन्हाबद्दल नसून पाण्याबद्दल आहे. आमच्याकडे भरतीची वेळ काढताना तिथीची पाऊणपट करतात. द्वितीयेला ती दीड येते, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती, आणि खाडीत आतवर पाणी त्याहूनही थोडे उशिरा चढते. याचा अर्थ सकाळी साडेसातला तुम्ही काठावर उभे राहाल तेव्हा पूर्ण ओहोटी असेल, चिखल दूरवर उघडा पडलेला असेल आणि तुतवार, चिखल्या हे सारे पक्षी त्या चिखलाच्या पार टोकाला, दुर्बिणीतूनही ठिपक्याएवढे दिसतील. पाणी चढू लागले की तेच पक्षी काठाकडे सरकतात. गेल्या वेळी मुलांना निवट्या (चिखलात सरपटणारे मासे) यांच्याखेरीज जवळून काही दिसले नाही, याचे कारण हेच होते. तेव्हा आधी जंगल करावे आणि अकराच्या पुढे खाडीवर यावे.

प्रेषक : दादरच्या वहिनी

काका, पाणी चढल्यावर रोहित पक्षीही काठाजवळ येतील का? आमच्या लेकीने केवळ त्यांच्यासाठी परतीचे तिकीट पुढे ढकलले आहे.

प्रेषक : माजी सचिव (मुक्काम ठाणे)

वहिनी, रोहित पक्ष्यांच्या भरवशावर नागल्याला येऊ नये. त्यांचे मोठे थवे ठाण्याच्या खाडीत उतरतात. त्या खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नागल्याला लागून आहे ती वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचे मुख. लेकीला रोहितच पाहायचे असतील तर ऐरोलीच्या केंद्रातून होडीने न्यावे. ती होडीही भरतीच्या वेळेवरच सुटते, म्हणून आधी चौकशी करावी.

काकांच्या सूचनेविषयी मात्र मला गंभीरपणे लिहायचे आहे. द्वितीयेचे पाणी उधाणाचे असते. दुपारी बारा-एकला आपण काठाच्या वाटेवर असू आणि पाणी चढत असेल, तेव्हा सखल भागात वाट ओली होणार हे उघड आहे. तिवरांची श्वसनमुळे वाटेकडेला खिळ्यांसारखी उभी असतात आणि त्यांच्या मधून साठीपुढची माणसे घसरत चालली तर मोडलेला पाय घेऊन परतणेही सोपे नाही. फेरी असलेल्या वाटेचा हाच धर्म आहे की अर्धे अंतर ओलांडल्यावर मागे फिरण्यात काही लाभ उरत नाही. म्हणून ज्या टप्प्यात माघार घ्यावी लागू शकते तो टप्पा पहिल्या तासात यायला हवा. माझी सासू गेल्या वेळी बरोबर मध्यावर थकली होती आणि तिला पुढे नेण्यावाचून पर्याय नव्हता. ते दोन तास मी अजून विसरलेलो नाही.

प्रेषक : सहल समिती

पूर्वीच्या फेरीचा अनुभव समितीलाही आहे आणि दिशा तेव्हाही समितीनेच विचारपूर्वक ठरवली होती. जंगल आधी घेण्यात आणखी एक अडचण आहे. हा बिबट्यांचा प्रदेश आहे, त्यामुळे नीट उजाडण्यापूर्वी झाडीत शिरता येणार नाही, आणि सर्वजण जमेपर्यंत आठ वाजले तर खाडीवर पोहोचायला भर दुपार होईल. दिवस बदलण्याची सूचना येण्यापूर्वीच नमूद करतो की रविवार हा कार्यकारिणीचा निर्णय आहे.

प्रेषक : वसईचे काका

ठाणेकरांचे म्हणणे मला पटले, आणि दिशा समितीचीच राहू द्या. पण मग दिवस बदलावाच लागेल, कारण चूक तिथीत आहे. त्याच आठवड्याच्या शनिवारी अष्टमी येते. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहाला भरती पूर्ण होईल, आणि ती भांगाची असल्याने पाणी उधाणाइतके वर चढणार नाही. साडेसातला आपण काठावर असू तेव्हा पाणी ओसरत असेल, चिखलाची पहिली कड नुकतीच उघडी पडत असेल, आणि पक्षी त्या कडेवर चरायला उतरतील. खंड्या आणि वंचक तर हमखास दिसतील. नऊ वाजता जंगलात शिरलो की ऐन आणि सागाच्या सावलीतून परतता येईल. माझे वडील याच हिशेबाने होडी सोडत असत. तरीही छापील भरती-ओहोटी तक्ता पाहूनच समितीने अंतिम वेळ कळवावी, कारण पाऊणपटीचा हिशेब अर्ध्या तासाने इकडेतिकडे होतो.

प्रेषक : दादरच्या वहिनी

आमचे विमान शुक्रवारी रात्री आहे. लेकीसाठी मी होडीची चौकशी करते. बाकीच्यांनी आमच्यासाठी दिवस अडवून ठेवू नये.

प्रेषक : सहल समिती

तक्ता पाहिला. काकांचा हिशेब जवळजवळ बरोबर आहे. कार्यकारिणीशी दूरध्वनीवर बोलून दिवस शनिवारचा केला आहे, दिशा आधी खाडीची. प्रत्येकाने किमान दोन लिटर पाणी आणि घोटा झाकणारे बूट आणावेत, कारण या भागात घोणस आणि फुरसे दोन्ही आढळतात. आग्या मोहोळाच्या भीतीने अत्तर लावू नये आणि वाटेत कोणी धूम्रपान करू नये. ठाणेकरांच्या सासूबाईंना यायचे असल्यास त्यांनी खाडीपर्यंत यावे. तिथून त्यांना फाटकाकडे परत सोबत करायला समितीचे दोघे थांबतील. नावे गुरुवारपर्यंत कळवावीत.

प्रेषक : माजी सचिव (मुक्काम ठाणे)

सासूबाई येत आहेत. आमची चार नावे धरावीत.